साडेनऊ किलोंचं चाक

आयुष्यभर ज्या माणसाने वजनं हलकी ठेवणाऱ्यांना पकडलं, त्याने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच्याच गाडीतलं एक वजन हौसेने हलकं करून घ्यावं, याला दैवगती म्हणावं की अगोचरपणा, हे ज्याचं त्याने ठरवावं. साहेब स्वतः पहिले चार दिवस दैवगती म्हणत होते. पुढे त्यांचं मत बदललं.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराने पारड्याखाली चिकटवलेलं चिमूटभर मेण त्यांना रस्त्यावरून दिसे. किलोचं वजन तळहातावर घेऊन "सात ग्रॅम कमी आहे," असं ते डोळे मिटून सांगत आणि काटा मागाहून त्यांना दुजोरा देई. असा माणूस घरात मात्र एका बाबतीत हळवा होता. त्यांची गाडी चौदा वर्षांची होती आणि सिग्नल हिरवा झाला की पाहुण्यांकडून उठणाऱ्या म्हाताऱ्या मावशीसारखी, "चला, निघते हं," असं म्हणत निघायची. तेवढ्यात मागे चार हॉर्न वाजत. हॉर्न हा साहेबांना वैयक्तिक अपमान वाटे. खात्यात त्यांच्या मागे कुणी खोकतसुद्धा नसे.

गाडीला पिकअप नव्हता. बाकी तिच्यात दोष काढायला जागा नव्हती, आणि साहेबांच्या पत्नीला तर हाही दोष वाटत नव्हता. कारण गेले पाच महिने ती याच गाडीवर चालवायला शिकत होती.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिला हे का सुचलं, याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तिची थोरली बहीण गावाबाहेरच्या टेकडीवर एकटी राहायची. ताईंची दृष्टी मंद होत चालली होती. "येत्या शनिवारी नेतो तुला ताईंकडे," असं साहेब म्हणत. येता शनिवार येई आणि जाई. कधी तपासणी निघे, कधी डोकं दुखे, कधी नुसताच कंटाळा. दोन वर्षं असे शनिवार ऐकल्यावर एका सोमवारी ती एकटीच परवान्याच्या कचेरीत गेली आणि शिकाऊ परवाना घेऊन आली. भांडण नाही, टोमणा नाही. साहेबांना टोमणा परवडला असता.

मग तिने नेम धरला. रोज पहाटे साडेपाच ते सहा, अर्धा तास गाडी. ज्यांनी कधी कसला नेम धरला आहे त्यांना सांगायला नको, की नेमाला वेळेपेक्षा मन जास्त लागतं. ताप आला तरी कानाला रुमाल बांधून ती खाली उतरे. शिकणाऱ्याशेजारी परवाना असलेला माणूस हवा असा नियम असल्याने साहेब शेजारी बसत, पण पहिल्याच दिवशी ते "ब्रेक! अगं ब्रेक! अगं तो दुसरा पाय!" असं इतकं ओरडले, की दुसऱ्या दिवसापासून त्यांना तोंड उघडायची बंदी झाली. ते बिचारे तोंडावर हात दाबून अर्धा तास बसत. दुधवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की साहेबांना गाडी लागते.

आणि खरं सांगायचं तर ओरडण्यासारखं फारसं काही घडतच नसे. क्लच सोडताना तिचा पाय जरा घाई करायचा, चढावर तर हमखास. गाडी एक हिसका द्यायची, गुरगुरायची, पण बंद पडायची नाही. सोसून घ्यायची. साहेबांना मात्र तो हिसका सोसवत नसे. परीक्षा आठवड्यावर आली होती, शिकाऊ परवान्याचे पंचवीस-सव्वीस दिवस उरले होते, आणि परीक्षेत चढावर थांबवून पुन्हा निघायला लावतात हे त्यांनी ऐकलं होतं. आपण काहीतरी केलं पाहिजे, असं त्यांना वाटू लागलं. नवऱ्याला असं वाटू लागलं की घरच्यांनी सावध व्हावं.

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. त्यांना सगळी इमारत 'हॉर्सपॉवर' म्हणायची. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती, पण जगातल्या एकूण एक गाडीचे दोष त्यांना तोंडपाठ होते. ते जिन्यातच गाठ पडले.

"साहेब, तुमच्या गाडीचं दुखणं इंजिनात नाहीये," हॉर्सपॉवर कठड्याला टेकून म्हणाले. "दुखणं फ्लायव्हीलचं आहे."

"हे कुठे असतं?"

"इंजिनाच्या शेपटाला. लोखंडाची भलीमोठी चकती. इंजिन बिचारं पळायला बघतं आणि ही धोंड त्याच्या गळ्यात! हलकं फ्लायव्हील मिळतं, घरपोच. ते बसवा. पाय लावायचा अवकाश, गाडी हजर! तो हॉर्नवाला मागे धूर मोजत बसेल."

साहेबांच्या डोळ्यांपुढे धूर मोजणारे पुष्कळ चेहरे तरळून गेले. तरी ते बधले नसते. पण हॉर्सपॉवर जाता जाता म्हणाले, "आणि वहिनींचीही सोय होईल की. हलकी गाडी, हलका हात."

आपल्या मनातल्या हौसेला कुणी दुसऱ्याच्या भल्याचं नाव देऊन दिलं, की माणूस किती लवकर पटवून घेतो, पाहा. वर पोचेपर्यंत साहेबांना ही कल्पना पूर्णपणे बायकोसाठीच सुचलेली होती.

त्यांच्या गाडीचं बघणारे मिस्त्री कमी बोलणारे होते. चार दिवसांनी घरपोच आलेला खोका त्यांनी उघडला, आतलं चाक हातात फिरवून पाहिलं आणि परत खोक्यात ठेवलं.

"कोणी सांगितलं हे?"

"एका जाणकार माणसाने."

"त्यांच्याकडे कुठली गाडी आहे?"

"गाडी नाही त्यांच्याकडे."

"मग जाणकार असणारच," मिस्त्री म्हणाले. फडक्याला हात पुसत त्यांनी समजावून पाहिलं. "हे बघा साहेब. कुंभाराचं चाक जड का असतं? एकदा फिरलं की हात जरा इकडेतिकडे झाला तरी ते फिरत राहतं. हे तसंच. क्लच सोडताना पाय चुकला तर जड चाक ती चूक पोटात घालतं. हलकं चाक चटकन वेग घेतं, खरंय, पण तेवढंच चटकन टाकतं. रागीट माणसासारखं. ताकद काडीची वाढत नाही, गाडी जोरात धावत असेल तेव्हा तर फरकसुद्धा कळायचा नाही. शर्यतवाले बसवतात, कारण त्यांना थांबायचं नसतं. तुम्हाला दर शंभर पावलांवर थांबायचंय."

"मिस्त्री, तुम्ही बसवा."

"बाईंना विचारलंत?"

"तिला जरा धक्का द्यायचाय. आनंदाचा."

"धक्का बसेल," मिस्त्री म्हणाले, आणि गाडीखाली शिरले.

हे चाक बदलायचं म्हणजे मध्ये आडवा येणारा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. दोन दिवसांचं काम. साहेबांनी घरी 'सर्व्हिसिंग' असं सांगितलं. परीक्षेच्या तोंडावर दोन दिवस नेमात खंड पडणार म्हणून ती कासावीस झाली. "परीक्षेनंतर नसतं का करता आलं, अहो?" एवढंच म्हणाली. साहेब गूढ हसले. ते हसू पुढे कित्येक दिवस त्यांना छळत राहिलं.

आता इथे एखादा साधा माणूस असता तर जुनं चाक काढून मिस्त्रीकडेच ठेवून घरी गेला असता. पण साहेब वजनमापे खात्याचे. नव्या चाकाच्या खोक्यावर 'चार किलो' असं छापलेलं होतं आणि त्यावर कसलाच शिक्का नव्हता. बिनशिक्क्याच्या वजनावर विश्वास ठेवायचा, तर मग तीस वर्षं केलं काय? त्यांनी दोन्ही चाकं रिक्षात घातली, कचेरीत नेली आणि खात्याच्या प्रमाणित काट्यावर ठेवली. जुनं साडेनऊ किलो. नवं चार किलो एकशे ऐंशी ग्रॅम. खोक्यावर छापलं त्यापेक्षा एकशे ऐंशी जास्त! साहेबांनी तिथल्या तिथे त्या कंपनीचा मनात निषेध नोंदवला, नवं चाक उचलून मिस्त्रीकडे नेलं, आणि जुनं, पुन्हा उचलायचा कंटाळा आला म्हणून, आपल्या टेबलाखाली सरकवून ठेवलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडी परत आली. साहेबांनी पाय लावला आणि ती खरोखरच उसळली. पहिला गिअर, दुसरा गिअर, सुटला बाण! एका सिग्नलला त्यांनी चक्क एका मोटारसायकलवाल्याला मागे टाकलं. उभी असताना गाडी थंडी भरल्यासारखी थरथरत होती आणि गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येत होता. इमारतीच्या फाटकात शिरताना ती दोनदा बंद पडली. साहेबांनी आपल्या चपलेला दोष दिला.

त्यांना तेव्हाच कळलं होतं. हे मी चहाडी म्हणून सांगत नाही. त्यांनी स्वतः पुढे लिहून दिलेलं आहे.

परीक्षेचं मैदान मोठं होतं, मधोमध काँक्रीटचा एक चढ आणि चढाच्या पोटात पांढरा पट्टा. त्या पट्ट्यावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता निघायचं. कठड्यापाशी साहेब उभे होते आणि शेजारी, कुणी बोलावलेलं नसताना, हॉर्सपॉवर. ती गाडीत बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या, क्षणभर डोळे मिटले. सपाटीवरच गाडी एकदा बंद पडली. तिने आश्चर्याने पायाकडे पाहिलं. स्वतःच्या पायाकडे. गाडीवर शंका घ्यावी हे तिच्या मनातही आलं नाही.

चढावर तिने पट्ट्यावर नीट गाडी थांबवली. मग पाच महिने सोडत होती तस्सा क्लच सोडला. बंद. पुन्हा. बंद. तिसऱ्यांदा ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी घरंगळत मागे आली, खुणेचं पिंप तिने असं काही उडवलं की ते गडगडत थेट कचेरीच्या पायरीशी जाऊन उभं राहिलं.

परीक्षा घेणारे अधिकारी खाली वाकून म्हणाले, "बाई, क्लच सोडायचा असतो. टाकायचा नसतो." पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी गाडीची थरथर पाहिली, खडखड ऐकली आणि कठड्याकडे येऊन साहेबांना विचारलं, "गाडी तुमची ना? तिच्यात काही दोष आहे का? असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे परीक्षा रद्द धरतो, नापास नाही लिहीत. उद्या दुसऱ्या गाडीवर या."

तीस वर्षांत साहेबांनी कधी खोटं वजन खपवून घेतलं नव्हतं. शेजारी हॉर्सपॉवर होते. मागे परीक्षेला आलेली वीस-पंचवीस माणसं होती, त्यातल्या निदान दोघा दुकानदारांचे काटे साहेबांनी जप्त केलेले होते. 'बायकोच्या परीक्षेआधी मी गाडीत नको ते करून ठेवलं,' असं या लोकांपुढे म्हणायचं?

"छे," साहेब म्हणाले. "कालच सर्व्हिसिंग झालंय."

अधिकाऱ्यांनी कागदावर फुली मारली.

"पिकअप मात्र झकास वाढलाय हं," हॉर्सपॉवर म्हणाले.

परत येताना साहेबांनीच चालवली. वाटेत सहा वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी मागे हॉर्न वाजले, आणि बायको म्हणाली, "माझ्यामुळे बिथरलात तुम्ही. असू दे, सावकाश."

पुन्हा परीक्षेला आठ दिवसांनी बसता येत होतं. शिकाऊ परवान्याचे एकोणीस दिवस शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेमाने खाली उतरली. साहेब तोंडावर हात धरून शेजारी. फाटकापर्यंत पाच वेळा गाडी बंद पडली. दुधवाला थांबून बघू लागला. तिसऱ्या दिवशी ती फाटकापर्यंतही पोचली नाही. चौथ्या दिवशी साडेपाचला ती उठली, किल्ली हातात घेतली, आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

"पाय गेला हो माझा," ती म्हणाली. "पाच महिन्यांचं दोन दिवसांत गेलं. नेमात खंड पडला की असंच होतं."

"असं काही नसतं गं."

"असतं. तुम्ही कधी नेम धरला नाहीत, तुम्हाला नाही कळायचं."

इथेच सांगून टाकायचं होतं. चार शब्दांचं काम. पण साहेबांनी असा विचार केला, की जुनं चाक गुपचूप परत बसवावं. गाडी पूर्वीसारखी झाली की तिचा पायही आपोआप पूर्वीसारखा होईल, आणि मग कुणाला काही सांगायलाच नको. ज्याने उभ्या आयुष्यात दुकानदारांच्या असल्या युक्त्या हाणून पाडल्या, त्याला ही स्वतःची ओळखू आली नाही.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. "मी म्हटलं होतं," असं ते म्हणाले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "जुनं घेऊन या, दोन दिवसांत बसवतो," एवढंच बोलले.

साहेब कचेरीत गेले आणि टेबलाखाली वाकले. टेबलाखाली त्यांची जुनी छत्री होती. चाक नव्हतं.

"तुम्हाला ते दाखवायचंच होतं साहेब!" भांडारपाल उत्साहाने म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. वार्षिक मोजणी होती. तुमच्या टेबलाखाली हे सापडलं. तीस वर्षांत इतकं निर्लज्ज वजन पाहिलं नाही मी! भोवती सगळे दाते, मधोमध भगदाड, आणि वजन कमी करायला वर आठ भोकं पाडलेली. शिक्का म्हणाल तर औषधालाही नाही. म्हटलं, साहेबांनी कुठल्यातरी बड्या धेंडाला पकडलेलं दिसतंय. जप्तीच्या नोंदवहीत चढवलं आणि लाख लावून सील केलं."

साहेबांनी नोंद वाचली. 'बिनशिक्क्याचे संशयास्पद लोखंडी वजन, एक. मालक अज्ञात.'

"अहो, ते माझ्या गाडीचं चाक आहे."

भांडारपालाने आधी साहेबांकडे आणि मग सीलकडे पाहिलं. "गाडीच्या चाकाला टायर असतो साहेब," तो अदबीने म्हणाला.

जप्त वस्तू सोडवायची तर मालकाने हजर होऊन जबाब द्यावा लागे. जबाब निरीक्षकाने घ्यायचा. निरीक्षक साहेब स्वतः, आणि आपलाच जबाब आपण घेऊ नये, असं एक परिपत्रक होतं. ते परिपत्रक साहेबांनीच सहा वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानाने लिहून मंजूर करून घेतलेलं होतं. त्यात पळवाट राहू नये म्हणून त्यांनी तेव्हा दोन रविवार घालवले होते. आता ते त्यांनी तीनदा वाचलं. काम चोख होतं.

म्हणजे शेजारच्या विभागाचा निरीक्षक लागणार. तो गुरुवारीच येई. पहिल्या गुरुवारी तो दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेला. घरी किल्ली खिळ्यालाच होती. पहाटे साडेपाचला बायको अजून जागी व्हायची, सवयीने, आणि खिडकीशी बसून राहायची. साहेब झोपल्याचं सोंग घेत. एक दिवस ताईंचा फोन आला. "हो गं, येईन की," ती म्हणत होती. "नाही, चालवत नाही येणार. नाही जमलं मला. वय झालं आता, दुसरं काय."

दुसऱ्या गुरुवारी निरीक्षक आला. तरुण होता, साहेबांच्याच हाताखाली शिकून गेलेला.

"सर, आरोपीला खुर्ची द्यायची नाही असं तुम्हीच शिकवलंय," तो अवघडून म्हणाला. "पण तुम्ही बसा."

"नको. उभाच राहतो."

भांडारपाल काही काम नसताना कपाट आवरत होता. तरुणाने छापील नमुना पुढे ओढला. प्रश्न साहेबांनीच ठरवलेले होते.

"वस्तू काय?"

"फ्लायव्हील. मोटारीचं."

"वस्तूचा उपयोग?"

"चालवणाऱ्याला सांभाळून घेणं."

"असं लिहू, सर?"

"नको. 'गाडी बंद पडू न देणे' असं लिहा."

"मूळ जागेवरून काढण्याचा हेतू?"

"मदत."

"मदत कुणी मागितली होती?"

"नाही."

तरुणाने लिहिता लिहिता वर पाहिलं नाही. "वस्तू काढल्याने कुणाचं नुकसान?"

"झालं."

"नुकसान झालेल्या व्यक्तीस कळवलं का?"

कपाट आवरण्याचा आवाज थांबला. हा प्रश्न नमुन्यात घालताना साहेबांनी मुद्दाम तो शेवटी ठेवला होता. लबाड माणूस या प्रश्नाला घुटमळतो, असं ते प्रशिक्षणात सांगत.

"नाही," साहेब म्हणाले. मग आपणहून पुढे बोलू लागले, आणि तरुणाला पुरवणी कागद जोडावा लागला. फाटकात गाडी बंद पडली तेव्हाच कळलं होतं, हे सांगितलं. मैदानावर अधिकाऱ्यांनी विचारलं ते सांगितलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही. सही करताना तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची सही 'निरीक्षक' या शब्दाच्या वर न पडता दुसऱ्या रकान्यात पडली.

आता मोठ्या साहेबांचा हुकूम बाकी होता. मोठे साहेब दौऱ्यावर होते. हुकूम झाला सोमवारी दुपारी. शिकाऊ परवान्याचा तो शेवटचा दिवस. साडेनऊ किलोंचं चाक, त्यावर लाखेचं सील आणि सोबत जबाबाची प्रत घेऊन साहेब घरी आले तेव्हा परवान्याची कचेरी बंद होऊन तास झाला होता.

बायको भाजी निवडत होती. साहेबांनी चाक जमिनीवर ठेवलं आणि प्रत तिच्यापुढे धरली. बोलायला गेले तर त्यांना भाषण सुचलं असतं, एवढी त्यांना स्वतःची खात्री होती.

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. पुरवणी कागदही वाचला. मग चाकाकडे पाहिलं.

"म्हणजे माझा पाय नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मग मैदानावरचे ते साहेब विचारायला आले होते तुम्हाला."

"हो."

"मला वाटलं, माझी चूक सांगायला आले." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "एकोणीस दिवस, अहो. एकोणीस दिवस मी म्हणत होते माझा पाय गेला, आणि तुम्ही 'असं काही नसतं' म्हणत होतात."

"चुकलं माझं."

"ते दिसतंय. सहीशिक्क्यानिशी आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चाक वाटेतून उचला. पाय अडखळेल कुणाचा."

मिस्त्रींनी चाक बसवलं. गाडी पूर्वीसारखी झाली. थरथर गेली, खडखड गेली, मागचे हॉर्न तेवढे राहिले. हॉर्सपॉवर जिन्यात भेटले, म्हणाले, खरा दोष बहुतेक सायलेन्सरचा असावा. साहेबांनी त्यांना नमस्कार केला आणि न थांबता वर गेले. आयुष्यात अशा काही गोष्टी फार उशिरा जमतात.

नव्या शिकाऊ परवान्याचा अर्ज त्यांनी आणून ठेवला. ती "बघू" म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही "बघू". एखाद्याचा नेम मोडणं सोपं असतं. तो जोडून द्यायला मात्र कुठला मिस्त्री मिळत नाही.

आता दर शनिवारी साहेब तिला ताईंकडे नेतात. तपासणी निघत नाही, डोकं दुखत नाही. पहिल्या शनिवारी ताई दारात उभ्या होत्या, आवाजाच्या दिशेने मान करून. "कोण चालवत होतं?"

"हे," ती म्हणाली.

"असं होय." ताईंनी चाचपडत तिचा हात धरला. "मला वाटलं, तू."

साहेब तासभर बाहेर गाडीची काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

परतताना टेकडीच्या पोटातल्या वळणावर रस्ता कोंडला होता. उभ्या चढावर, मागे-पुढे गाड्या. साहेबांनी ब्रेक दाबून ठेवला, आणि सहज त्यांची नजर खाली गेली. शेजारच्या सीटवर बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. चपला काढलेल्या होत्या. तिचं लक्षही नव्हतं, पण तिचा डावा पाय खालच्या रबरी चटईवर घट्ट दाबलेला होता.

पुढची गाडी हलली. तो पाय उचलला जाऊ लागला. आधी जरा घाईने, मग मध्येच सावरून, टाच टेकवून, अगदी सावकाश. साहेबांनी आपला पाय त्याच्या बरोबरीने सोडला, तेवढाच, तिथेच थांबून. गाडी जराही हिसका न देता चढावरून निघाली.

साहेबांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि पुढच्या वळणावर गाड्या पुन्हा थांबल्या तेव्हा रस्त्याकडे न बघता आधी खाली बघितलं.